बिर्याणी नदीपलीकडची, गिऱ्हाईक गंगापूर रोडचं

प्रश्न : वकीलताई, नाशिकला गंगापूर रोडवर मी एका बिर्याणी साखळीची फ्रँचायझी चालवतो. माझ्या दुकानापासून तीन किलोमीटरच्या परिसरात कंपनी दुसरं आउटलेट काढणार नाही, असं करारात आहे. आता नदीपलीकडे मखमलाबादच्या बाजूला कंपनीने स्वतःचं क्लाउड किचन टाकलंय. तिथे बसायला टेबल नाही, नुसत्या ॲपवरच्या ऑर्डरी. माझ्या दुकानामागच्या सोसायट्यांनाही बिर्याणी तिथूनच जाते. एरिया मॅनेजर म्हणतात, ‘ते आउटलेट नव्हे. पुलावरून मोजलं तर अंतरही तीनच्या वर भरतं. आणि असलं कलम कोर्टात टिकत नाही.’ मी रॉयल्टी थांबवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रॉयल्टी थांबवू नका. तुमचा राग कळतो, पण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ४२ बघा. ‘अमुक करणार नाही’ असं कबूल केलेल्याला कोर्ट मनाईहुकमाने रोखू शकतं. मात्र मागणाऱ्याने कराराची आपली बाजू पाळलेली हवी. रॉयल्टी थकली की कंपनीला आयतंच कारण मिळतं, वर करार रद्द करण्याची नोटीसही येते. पैसे भरा आणि त्याच दिवशी ‘हक्क राखून भरत आहे’ असा ईमेल टाका.

मॅनेजरांचं शेवटचं म्हणणं आधी निकालात काढू. ‘कलम टिकत नाही’ म्हणताना त्यांच्या डोक्यात करार कायद्याचं कलम २७ असणार, म्हणजे धंद्याला आडकाठी करणारा करार शून्य. पण गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फ्रँचायझी करार चालू असतानाच्या बंधनाला सहसा कलम २७ लागत नाही, असं सांगितलं. तिथे बंधन फ्रँचायझी घेणाऱ्यावर होतं, तेव्हा हा मुद्दा कंपन्यांच्या फार कामी आला. आता तोच तुमच्या बाजूने वापरायचा.

अंतराचं काय? करारात मोजण्याची पद्धत नसेल तर तुमची बाजू बरी आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम ११ प्रमाणे केंद्रीय कायद्यांतलं अंतर सरळ रेषेत मोजतात. तुमच्या खासगी कराराला ते थेट लागू नाही, पण युक्तिवादाला आधार होतो. नकाशावर रेघ ओढा. गोदावरी मध्ये आहे म्हणून परिसर आकसत नाही.

खरी झुंज ‘ते आउटलेट नव्हे’ यावर होणार. करारातल्या व्याख्या वाचा. ‘ब्रँडचे पदार्थ जिथे तयार होतात किंवा विकले जातात ती जागा’ असं असेल तर किचन त्यात बसतं. ‘ग्राहकांनी बसून खाण्याची जागा’ असं असेल तर काम अवघड. मग ‘कंपनीने राखून ठेवलेले हक्क’ हे कलम शोधा. ते बहुधा मागच्या पानांवर बारीक अक्षरांत असतं, आणि पुढच्या पानावर दिलेले तीन किलोमीटर तिथे हळूच काढून घेतलेले असतात : मॉल, रेल्वे स्टेशन, हॉस्पिटल, ऑनलाइन विक्री वगळून. सही करताना ते कुणी वाचत नाही, हे मी ऑफिसात रोज बघते.

आणखी एक कटू गोष्ट. हेच किचन चार किलोमीटरवर असतं आणि तरी तुमच्या सोसायट्यांना डबे पोचवत असतं, तर तुमचं कलम मुकाट राहिलं असतं. त्याने पातेलं कुठे चढावं एवढंच ठरवलंय. डिलिव्हरीवाल्याने कुठे जावं, हे नाही.

आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. अमेरिकेत कंपनीला सहीआधीच्या माहितीपत्रात क्षेत्राबद्दल उघड सांगावं लागतं. तरी तिथेही लिखाणाबाहेर फारसं मिळत नाही. मोंटानातल्या ग्रेट फॉल्सच्या एका बर्गर किंग फ्रँचायझीवाल्याने हवाई दलाच्या तळावर निघालेल्या दुसऱ्या दुकानाबद्दल तक्रार केली. करारात राखीव क्षेत्र नव्हतं, आणि १९९९ मध्ये अपील कोर्टाने ‘सचोटीचं वर्तन’ एवढ्याच आधारावर त्याला दाद दिली नाही. तुमच्याकडे निदान कलम तरी आहे.

आता पुरावा. ओळखीच्या घरांतून ऑर्डर द्या आणि बिलं जपा. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा, चौदा आकडी क्रमांक असायला हवा. प्रत्येक जागेचा परवाना वेगळा, म्हणून अन्न कुठून आलं ते त्यावरून पकडता येतं. किचन सुरू होण्याआधीची आणि नंतरची तुमची ॲपवरची विक्री महिनावार मांडा. करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई मागताना हाच तक्ता लागेल.

मग करारात सांगितल्याप्रमाणे लेखी नोटीस. लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली तातडीचा मनाईहुकूम मागता येतो, पण सहा महिने गप्प बसून गेलात तर न्यायाधीश ‘आता कसली घाई?’ विचारतील. माझं मत विचाराल तर नोटिशीत किचन बंद करण्याच्या जोडीला दुसरा पर्यायही ठेवा : तुमच्या परिसरातल्या ऑर्डरींवर तुम्हाला हिस्सा, नाहीतर ते किचनच तुम्हाला चालवायला द्यावं. आणि नोटीस धाडण्याआधी कराराची मुदत कधी संपते ते बघा. नूतनीकरण कंपनीच्या मर्जीवर असेल आणि तारीख जवळ असेल, तर नोटिशीची भाषा मला आधी दाखवा.