घोडीची नोंदणी तपासणी: ‘कागद तयार आहेत’ म्हणण्याआधी

दादा, मारवाडी घोडी, पुढच्या महिन्यात जातीच्या नोंदणीची तपासणी, कागद तयार आहेत, आता अंगाला चमक कशी आणायची, असं तुम्ही विचारलंय. ‘कागद तयार आहेत’ वाचलं आणि राहवलं नाही. मीही अगदी हेच म्हणत होतो.

खरारा, खुराक, जंताचं औषध यावर काही सांगत नाही, ते तुम्ही करत असणारच. आधी तो ओळखीचा कागद काढा, ज्यावर घोड्याची आकृती छापलेली असते आणि डॉक्टर त्यावर भोवरे, टिळा, पांढरे पाय काढतात. तो घेऊन घोडीच्या मागे जरा लांब उभे राहा, तिचं तोंड जिकडे तिकडेच तुमचं. आता डावं-उजवं ताडून बघा.

माझ्या घोडीचा डावा मागचा पाय घोट्यापर्यंत पांढरा. चित्र काढणारे डॉक्टर समोर उभे होते, त्यांनी उजवा रंगवला. मी न बघता खाली सही ठोकली. तपासणीच्या दिवशी उंची झाली, कान पसंत पडले, चाल झाली. शेवटी तपासनीस खाली वाकले, पायावरून हात फिरवला, कागद बघितला, परत पाय बघितला. ओळखीसाठी मानेत बसवलेल्या चिपचा १५ आकडी नंबर जुळत होता, तरी चित्र जुळेना म्हणून सही नाही. त्यांचं चूक नव्हतं.

खरा त्रास पुढे. ज्या ऑफिसातून तो कागद निघाला तिथे गेलो, तर काढणाऱ्या साहेबांची बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, दुसऱ्याच्या कागदावर मी खाडाखोड करणार नाही. मग नवा करून द्या म्हटलं, तर एका चिपवर दोन कागद निघत नाहीत. लोणी काळभोरहून ७ हेलपाटे, ८ महिने. तेवढ्यात घोडी व्याली. आईचीच नोंद नाही म्हणून शिंगराची अडली आणि सारंगखेड्याच्या यात्रेत ठरलेलं गिऱ्हाईक हातचं गेलं. दुरुस्तीची एक ओळ आणि एक शिक्का, एवढ्यासाठी. आजही आठवलं की संताप होतो.

तेव्हा आजच पाय धुवा. कोरड्या पायावर पांढरा कुठवर आहे ते नीट कळत नाही. ओला केला की केसाखालची गुलाबी कातडी दिसते, तिथवर पांढरा धरायचा. चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. ग्लँडर्सच्या (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) रक्त तपासणीच्या कागदावरही तोच चिप नंबर आहे ना, एकेक आकडा बोट ठेवून वाचा.

उंचीचं एक. घोड्याच्या मापात एक हात म्हणजे ४ इंच, तेव्हा १४.२ म्हणजे १४ हात आणि वर २ इंच, एकूण ५८ इंच. फरशीवर किंवा सपाट घट्ट जमिनीवर मोजून बघा. नालेसकट मोजतात की नाल काढून, ते आधी विचारा, म्हणजे नालबंदाला ८-१० दिवस आधी बोलावता येईल.

आणि माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: आपल्याकडे वरातीसाठी घोडी नाचवायला शिकवतात, ते तपासणीत दाखवू नका. लगाम खेचून मान वर धरली की पाठ आखडते, पाय सरळ पडतो का ते दिसत नाही. मोतद्दारानं (घोडी सांभाळणाऱ्यानं) तिच्या खांद्याशी राहून, दोर सैल सोडून चालवावी, मग दुडकी. रोज १० मिनिटं सराव पुरतो.

मी डॉक्टर नाही, आणि फॉर्म बदलत राहतात, त्यामुळे सध्याचे नियम नोंदणीवाल्यांनाच विचारा. डीएनएसाठी आयाळीचे केस मागितले तर कात्रीनं कापू नका, मुळासकट उपटावे लागतात. पायाशी शिंगरू असेल तर तेही सोबत न्या. मागे राहिलं तर घोडी खिंकाळत गोल फिरते, मग ना उंची धड मोजता येते ना चाल दिसते.