दूरच्या युद्धाच्या निकालाने महासत्तेची पत जाते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युक्रेनमध्ये शेवटी रशियाच्या मनासारखं झालं तर अमेरिकेचं महासत्तापण संपेल, असं चर्चांमध्ये सारखं ऐकू येतं. पण जिथे अमेरिकेचं सैन्य लढतच नाहीये आणि जे तिच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर लांब आहे, त्या युद्धाने तिला असा काय फरक पडणार?

फरक पडू शकतो. मात्र पूर्व युक्रेनच्या दोनेत्स्क प्रांतात सीमारेषा कुठे आली यावरून तो ठरणार नाही. अमेरिकेच्या भरवशावर राहिलेले देश त्या निकालाचा काय अर्थ लावतात आणि त्यानंतर गाजावाजा न करता आपली कोणती सोय लावून ठेवतात, यावर ठरेल. युद्ध हरूनही पत टिकवलेल्या सत्ता इतिहासात आहेत, आणि रणांगणावर जिंकत असताना पत घालवून बसलेली एक आहे. तिच्यापासून सुरुवात करतो, कारण हा सगळा प्रकार कसा चालतो ते तिथे उघडं पडलेलं दिसतं.

जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. कालवा चालवणाऱ्या कंपनीत ब्रिटिश सरकारचा ४४ टक्के हिस्सा होता आणि पश्चिम युरोपला लागणारं बरंचसं तेल तिथूनच यायचं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुपचूप संगनमत केलं. ठरलं ते असं: इस्रायलने इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात घुसायचं, आणि मग भांडण सोडवायला आल्याचा आव आणून ब्रिटन-फ्रान्सने कालव्यावर उतरायचं. लष्करी काम ठरल्यासारखं चाललं होतं. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदला उतरले, दुसऱ्या दिवशी समुद्रमार्गे रणगाडे आले. ६ तारखेच्या मध्यरात्री युद्धबंदी लागू झाली तेव्हा पुढच्या तुकड्या कालव्याच्या कडेकडेने एल काप नावाच्या ठाण्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, पोचल्या होत्या. पुढचा रस्ता अडवायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

तरी थांबावं लागलं, कारण पौंड घसरत होता. तेव्हा एका पौंडाचा भाव २.८० डॉलरला बांधलेला होता, आणि तो टिकवायचा तर बाजारात येणारे पौंड बँक ऑफ इंग्लंडला आपल्याकडचे डॉलर देऊन विकत घ्यावे लागत. युद्ध सुरू होताच लोकांनी पौंड विकायला काढले आणि गंगाजळी आटू लागली. त्यात नासरने कालव्यात जहाजं बुडवून तो बंद करून टाकला. ज्या वाटेच्या रक्षणासाठी फौज धाडली, तीच वाट फौज पोचेपर्यंत बुजली होती! आता तेल अमेरिका खंडातून आणायचं, म्हणजे तेही डॉलर मोजूनच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायचा तर अमेरिकेची संमती लागणार. आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर भडकलेले, कारण त्यांना न सांगता हा उद्योग झाला होता, तोही त्यांच्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर. सैन्य मागे घ्या, मग पैशाचं बघू, असा त्यांचा पवित्रा होता. अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन सुरुवातीला मोहिमेसाठी सगळ्यात उतावीळ होते. तेच आता मंत्रिमंडळाला थांबायला सांगू लागले. डिसेंबरमध्ये सैन्य परतायला लागलं, आणि त्याच महिन्यात नाणेनिधीने सुमारे १३० कोटी डॉलरची सोय करून दिली. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन पायउतार झाले.

आता ब्रिटन सुएझमुळे दुबळा झाला का? मुळीच नाही. भारत १९४७ सालीच हातचा गेला होता आणि दुसऱ्या महायुद्धाचं कर्ज मानेवर होतंच. पण तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची होती. सुएझने ती सगळ्यांसमोर उघडायला लावली. दूरच्या युद्धाचा महासत्तेला खरा धोका असतो तो हाच. त्यात नवी कमजोरी क्वचितच जन्माला येते, आधीपासून असलेली दिसायला मात्र लागते.

त्याच सुएझमधून फ्रान्सने अगदी उलटा धडा घेतला, आणि युक्रेनच्या दृष्टीने मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनने ठरवलं, यापुढे अमेरिकेला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. फ्रान्सने ठरवलं, यापुढे अमेरिकेवर विसंबायचं नाही. मार्च १९५७ मध्ये युरोपीय देशांची सामायिक बाजारपेठ उभारणारा रोम करार झाला, फेब्रुवारी १९६० मध्ये फ्रान्सने स्वतःचा अणुबॉम्ब उडवून पाहिला आणि १९६६ साली तो नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडला. म्हणजे या प्रकरणात वरचढ ठरलेल्या अमेरिकेनेही एका मित्राचा कायमचा विश्वास गमावला. ही किंमत त्या वेळी कुणी मोजली नव्हती.

याच्या उलट टोकाला व्हिएतनाम. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं, तोवर अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक गेले होते. एक देश कम्युनिस्टांकडे गेला की शेजारचे एकामागून एक जातील, हे वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं घोकलं गेलं होतं. लाओस आणि कंबोडिया गेलेही. पण थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया जागचे हलले नाहीत, आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये तर कम्युनिस्ट चीनच कम्युनिस्ट व्हिएतनामवर चालून गेला. आज तोच व्हिएतनाम अमेरिकेशी जवळीक राखून आहे. २०१८ साली अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका दा नांगच्या बंदरात पाहुणी म्हणून येऊन गेली.

मग व्हिएतनामने काहीच बिघडवलं नाही का? बिघडवलं, पण निकालापेक्षा खर्चाने जास्त. युद्धही चालवायचं, देशात कल्याणकारी योजनाही राबवायच्या आणि कर मात्र वेळेवर वाढवायचे नाहीत, या कसरतीत महागाई वाढली आणि बाहेर डॉलरचा महापूर आला. शेवटी १५ ऑगस्ट १९७१ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. सायगाव पडायला तेव्हा साडेतीन वर्षांहून जास्त अवकाश होता.

आणखी एक परिणाम झाला, तो मात्र प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात. वारं आपल्या बाजूने फिरलंय असा समज मॉस्कोने करून घेतला. आधी अंगोलात, मग इथिओपियात हात घातला आणि डिसेंबर १९७९ मध्ये थेट अफगाणिस्तानात फौजा घातल्या. तिथे सुमारे १५ हजार सैनिक गमावून १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटची तुकडी सीमेवरची अमू दर्या नदी ओलांडून परतली. गंमत बघा, काबूलमध्ये त्यांनी मागे ठेवलेलं नजीबुल्लाचं सरकार सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावरही चार महिने टिकलं! अफगाणिस्तानने सोव्हिएत संघ बुडवला हे वाक्य म्हणूनच मला फार सैल वाटतं. तो आतून पोखरलेलाच होता.

आपल्याकडचा वाचक इथे पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ते चपखलही आहे. १४ जानेवारी १७६१ ला मराठी सत्तेची एक पिढी गेली, पण जिंकलेला अब्दाली दिल्लीत टिकला नाही. फटका बसला तो भलतीकडून: निजामाने १७६३ मध्ये पुणं लुटलं, म्हैसुरात हैदर वर आला. पराभव उत्तरेत झाला आणि त्याचा अंदाज घेतला दक्षिणेतल्या शेजाऱ्यांनी. त्यातून माधवराव पेशव्यांनी घडी बसवली आणि दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत होत्या.

आता युक्रेन. १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडमनुसार युक्रेनने आपल्या भूमीवरची सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रं सोडली. बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचा शब्द दिला. (ती शस्त्रं डागण्याचं नियंत्रण मॉस्कोकडेच होतं, त्यामुळे युक्रेन तेव्हा खराखुरा अण्वस्त्रधारी होता असं म्हणणं जरा ओढून-ताणून होतं. पण शस्त्रं सोडणाऱ्याचं पुढे काय होतं, याचा धडा जगाने घ्यायचा तो घेतलाच.) शब्द मोडला रशियाने, पण अमेरिकेच्या सहीला किती वजन आहे, हा प्रश्नही त्याच कागदावरून उभा राहिला.

सुरुवातीच्या काळात अमेरिकेचं वजन वाढलेलं दिसलं. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं, फिनलंड आणि स्वीडन नाटोत आले. पण त्याच मतदानात भारत आणि चीनसह ३५ देश तटस्थ राहिले, हे तेव्हा पाश्चात्त्य मथळ्यांत फारसं झळकलं नाही.

मग अमेरिकेची झाकली मूठ हळूहळू उघडू लागली. एक बोट तोफगोळ्यांचं. १५५ मिमीचे गोळे अमेरिका युद्धाच्या सुरुवातीला महिन्याला सुमारे १४ हजार बनवत होती, आणि युक्रेनच्या तोफा दिवसाला काही हजार उडवत होत्या. एवढ्या बलाढ्य देशाचे कारखाने लांबलचक युद्धासाठी तयारच नव्हते. पैसे ओतून हे भरून काढता येतं, काही प्रमाणात काढलंही गेलं.

दुसरं डॉलरचं. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले गेले. त्यातले बरेचसे बेल्जियमच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत अडकले. तात्पुरता उपाय म्हणून तो जबरदस्त होता. पण उद्या आपलेही असे अडकू शकतात, हे प्रत्येक मध्यवर्ती बँकेने टिपून ठेवलं. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षी मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांवर सोनं घेतलं. तरी डॉलरचं राज्य गेलं म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. जगाच्या गंगाजळीत त्याचा वाटा शतकाच्या सुरुवातीच्या ७० टक्क्यांवरून ६० च्या खाली आलाय, पण त्याची जागा घेणारं दुसरं एकही चलन समोर नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र धरसोडीने झालं असं माझं मत. २०२३-२४ मध्ये सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत अमेरिकन काँग्रेसमध्ये महिनोन् महिने लटकली. मग २४ फेब्रुवारी २०२५ ला आमसभेतल्या युक्रेनच्या ठरावावर अमेरिकेने चक्क रशियाच्या बाजूने मत टाकलं. चारच दिवसांनी ओव्हल ऑफिसमध्ये कॅमेऱ्यांसमोर झेलेन्स्कींशी खडाजंगी झाली. मार्चमध्ये शस्त्रं आणि गुप्त माहिती दोन्ही काही दिवस थांबवली. युक्रेनने जमीन गमावली तर जग त्याला रशियाची ताकद म्हणेल. मध्येच बाजू बदलणारा पाठीराखा मात्र वॉर्सा आणि टोकियोत वेगळाच वाचला जातो.

तसा तो वाचला गेलाही. जर्मनीने त्याच मार्चमध्ये संरक्षणासाठी राज्यघटनेतली कर्जमर्यादा सैल केली. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी फ्रान्सच्या अण्वस्त्रांचं छत्र युरोपावर धरण्याची चर्चा पुढे आणली. १९५६ चा धडा इथे कामाला आलेला दिसतो. पोलंड संरक्षणावर जीडीपीच्या ४ टक्क्यांहून जास्त खर्च करतोय. जपानने तर डिसेंबर २०२२ मध्येच आपला संरक्षणखर्च २ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. गंमत अशी की यातल्या बऱ्याच गोष्टी अमेरिकेनेच मागितल्या होत्या. मित्रांनी स्वतःचा भार उचलावा हे तिचं जुनं म्हणणं. पण भार उचलणारा मित्र सल्लाही कमी ऐकतो, शस्त्रंही दुसरीकडून घेतो, हे त्या मागणीत धरलं गेलं नव्हतं.

रशियाचाही हिशेब याच पद्धतीने मांडायला हवा. युक्रेनमध्ये तो गुंतलेला असताना सप्टेंबर २०२३ मध्ये आर्मेनियाच्या डोळ्यांदेखत नागोर्नो-काराबाख हा प्रदेश अझरबैजानच्या हाती गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात राष्ट्राध्यक्ष असद यांना पळून जावं लागलं. दोघेही मॉस्कोच्या भरवशावर होते. युक्रेनमध्ये रशियाला हवी ती रेघ मिळाली तरी ही पत आपोआप परत येणार नाही.

तेव्हा निकाल कोणताही लागो, कीव्हपेक्षा सेऊलकडे लक्ष ठेवा असं मी सुचवेन. दक्षिण कोरियात जनमत चाचण्यांत साधारण ७० टक्के लोक स्वतःचा अणुबॉम्ब हवा म्हणतात. सरकारने अजून तो मार्ग धरलेला नाही, कारण अमेरिकेचं छत्र पुरेसं आहे असं तिथल्या धोरणकर्त्यांना वाटतं. अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडायला तीन महिन्यांची पूर्वसूचना पुरते. ती सूचना सेऊलहून निघाली, तर युक्रेन युद्धाने अमेरिकेचं काय केलं याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असेल. नाही निघाली, तर टीव्हीवर काहीही चालू दे, अमेरिकेची पत बऱ्यापैकी शाबूत आहे असं समजायला हरकत नाही.