कॉलेजच्या खिडकीपाशी

(वाचकांच्या शैक्षणिक प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताई परळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात ३१ वर्षं नोकरी करून सुपरिटेंडंट म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी एस. वाय. बी. कॉम.ला आहे. पहिल्या वर्षाच्या दोन विषयांत केटी लागलीय, म्हणजे नापास झालेले ते विषय पुन्हा द्यायचेत. हे रिक्षा चालवतात, फीचे थोडे पैसे भरायचे राहिलेत. मुलींची फी माफ झाली असं ऐकलं होतं, पण कॉलेजात 'तुम्हाला लागू नाही' एवढंच सांगितलं. हल्ली ती घरात बोलत नाही. कॉलेजला म्हणून निघते आणि दादर स्टेशनवर बसून परत येते, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. हे म्हणतात, नाव काढून टाक. काय करू?
— एक आई, विक्रोळी

उत्तर : ताई, नाव काढू नका. दोन केट्यांनी कुणाचं शिक्षण संपत नाही. मी अशा शेकडो मुली पुढे पदवी घेऊन गेलेल्या पाहिल्यात. पण तिचं ते स्टेशनवर बसणं मात्र आजच मनावर घ्या.

आमच्या कॉलेजात घडलेली गोष्ट सांगते. १९९९चा जुलै असेल. टिटवाळ्याहून येणारा एक मुलगा फ्रीशिपचा, म्हणजे फीमाफीचा, फॉर्म घेऊन खिडकीशी आला. पाऊस होता म्हणून फॉर्म दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आणलेला. शेवटची तारीख दोन दिवसांपूर्वी गेली होती. मी तसं सांगितलं. तो 'बरं मॅडम' म्हणाला, पिशवीची घडी केली आणि गेला. मागून शिपायाने सांगितलं, हा पोरगा आधी चार वेळा येऊन गेला होता. कुठल्या खिडकीवर विचारायचं ते कळेना, म्हणून रांग बघून परत जायचा. पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तेव्हापासून खिडकीशी कुणी आलं की 'काय हवंय' विचारायच्या आधी मी 'कुठून आलास' विचारायचे. सोयी सगळ्या असतात हो, पण विचारणाऱ्यालाच मिळतात. आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचीच जीभ रेटत नाही. म्हणून तिच्यासोबत तुम्ही स्वतः जा.

ऑफिसात जाण्याआधी तिच्या विभागात जाऊन विचारा, 'हिचे मेंटॉर सर किंवा मॅडम कोण?' कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅक संस्थेचे लोक तपासणीला येतात तेव्हा किती मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक आहे हे बघतात, त्यामुळे कॉलेजांत ही यादी केलेली असते. मुलांना मात्र आपलं नाव कुणाच्या यादीत आहे हे बहुतेकदा माहीत नसतं. त्या शिक्षकांना स्टेशनवरची गोष्ट मोकळेपणाने सांगा. लाजू नका. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांची वेळ घ्या. आणि घरी रात्री-बेरात्री तिला फार जड गेलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा, नंबर लावा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता फी. जुलै २०२४च्या निर्णयाने मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळाली, पण ती इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींसाठी. साध्या बी. कॉम.ला ती नाही. खिडकीवरचा माणूस खोटं बोलला नाही, पण त्याने पुढचं सांगायला हवं होतं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती पाहा. खुल्या प्रवर्गात असाल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिलाही ८ लाखांचीच मर्यादा. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, एखादा कागद नीट दिसला नाही तर परत येतो आणि मुलांना पत्ताच नसतो. दर आठवड्याला उघडून बघा. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. उरलेल्या फीसाठी प्राचार्यांच्या नावाने हप्ते मागणारा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच फार महत्त्वाची. 'कमवा आणि शिका'मधून लायब्ररीत काही तास काम मिळतंय का, तेही विचारा.

कुणी दादच दिली नाही, तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यावा अशी अपेक्षा आहे, आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. पण माझा अनुभव असा, की आई मुलीचा हात धरून उभी राहिली की निम्मी कामं खिडकीवरच होतात.

तिच्या बाबांना एवढं सांगा, की पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक, तिच्या शैक्षणिक खात्यात जमा आहेत आणि ती सात वर्षांपर्यंत राहू शकतात. झालेलं काही वाया गेलेलं नाही.

प्रश्न : मी १९९१ची पदवीधर. बँकेतून निवृत्त झाले. माझ्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाकडून वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाचं आमंत्रण येतं आणि देणगीची पावती. याहून काही करता येईल का?
— डोंबिवली

उत्तर : देणगी जरूर द्या. राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशातून उभा राहिला त्या प्रेमचंद रायचंदांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं, तसं तुम्हीही आईच्या नावाने एखाद्या मुलीची परीक्षा फी भरू शकता. पण मला विचाराल तर तुमच्याकडे पैशाहून मोलाचं आहे ती दुपार. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण मुलं नोकरी करणारी होती. मुलांच्या वेळेत त्यांना सापडेल असं काहीतरी करा.

प्राचार्यांना भेटून सांगा, 'आठवड्यातून दोन दुपारी मी ऑफिसबाहेर टेबल टाकून बसते. शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँक खातं, आधार जोडणी एवढंच बघीन.' बँकेत तुम्ही हेच तर करत आलात. वरच्या पत्रातल्या मुलीला असं टेबल दिसलं असतं तर ती दादरला बसून राहिली नसती, असं मला मनापासून वाटतं. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात मुलांना प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, करावं लागतं आणि जागा शोधताना पोरं मेटाकुटीला येतात. तुमच्या बॅचमधले सीए, दुकानदार, कारखानदार यांना फोन करा, प्रत्येकाने दोन मुलं घ्यावीत. आणि एक राहिलंच : नोंदणीकृत पदवीधर म्हणून विद्यापीठात नाव घाला. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेत (सिनेटमध्ये) पदवीधरांच्या दहा जागा आहेत. कितीतरी पदवीधर नाव नोंदवतच नाहीत.

प्रश्न : वय ४७. लग्नामुळे एफ. वाय. अर्धवट सुटलं. आता बी. ए. करता येईल?
— वाचक, भांडुप

उत्तर : येईल. वयाची अट नाही. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण १९७१पासून चालू आहे. पूर्वीचं आयडॉल, आता सीडीओई, कलिना संकुलातच आहे. सांताक्रूझला उतरून पूर्वेला या. आडनाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत लागेल. बारावीची गुणपत्रिका मूळ आणा, नुसती झेरॉक्स आणलीत तर दुसरा हेलपाटा पडेल.