मुंबईत पॅथॉलॉजीत एमडी झाल्यावर लगेच फेलोशिप करावी का?

माझ्या मते फेलोशिप, म्हणजे एखाद्या उपशाखेतले पुढचे प्रशिक्षण, करावी, पण एमडीची 3 वर्षे ग्रॉसिंगच्या (शस्त्रक्रियेत काढलेला अवयव पाहून, कापून नमुने घेण्याच्या) टेबलावर मन लावून काढलेली असतील तरच. परळच्या केईएमसारख्या महापालिका रुग्णालयात फॉर्मॅलिनमध्ये (अवयव टिकवणाऱ्या द्रवात) आलेला स्तन किंवा आतडे स्वतः कापून, कडांना शाई लावून, नेमका कोणता तुकडा कॅसेटमध्ये (नमुन्याच्या छोट्या डबीत) घ्यायचा हे ठरवण्याची जी सवय लागते, ती पुढे फेलोशिपमध्ये नव्याने लागणे अवघड असते. आणि गाठ कडेपर्यंत पोहोचली आहे की नाही, यावर तर रुग्णाचे पुढचे उपचार ठरतात. कर्करोगनिदानाचीच ओढ असेल, तर 3 वर्षांच्या डीएम ऑन्कोपॅथॉलॉजीचाही (एमडीनंतरची कर्करोगनिदानातली अतिविशेष पदवी) जरूर विचार करावा. फेलोशिप निवडताना अहवालाचा मसुदा स्वतः लिहायला मिळतो का, हे तिथल्या निवासी डॉक्टरांना आधी विचारावे.