आमच्या छोट्या सामाजिक संस्थेची वेबसाइट कमी खर्चात कशी करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सात-आठ मित्र मिळून यावल तालुक्यातल्या पाड्यांवर संध्याकाळची अभ्यासिका चालवता, संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, खर्च वर्गणीतून भागतो, आणि वेबसाइटसाठी एकाने ३५ हजार अधिक दरवर्षी १२ हजार असा आकडा सांगितला. फेसबुक पेज असताना वेबसाइट हवीच का, असंही विचारलंय. जळगाव-धुळे भागातल्या काही लहान संस्थांच्या वेबसाइटी मी बरीच वर्षं बिनपैशाने सांभाळतो, त्या अनुभवावर सांगतो.

भाऊ, एवढे पैसे घालायची काही गरज नाही. तुम्हाला लागणारी वेबसाइट वर्षाला हजार-दीड हजारात होते, आणि तो खर्चही फक्त डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा. बाकी सगळं फुकटात बसतं. कस लागतो तो वेबसाइट वर्षानुवर्षं संस्थेच्या ताब्यात ठेवण्यात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

आधी फेसबुकचं. पेज असू द्या, बंद करू नका. पण ते तुमच्यापैकी कुणाच्या तरी खाजगी खात्यावरून चालतं, आणि दोन वर्षांपूर्वीची पोस्ट शोधायची म्हटलं तर बोट दुखेपर्यंत सरकवावं लागतं. एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांचा निधी, बघणारा माणूस, किंवा पुण्यात स्थायिक झालेला तुमच्याच गावचा इंजिनिअर मदत करायचं ठरवतो तेव्हा तो नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट आणि बँक खातं शोधतो. या चार गोष्टी एका जागी, कुणालाही न विचारता सापडाव्यात एवढ्यासाठी वेबसाइट हवी.

आता डोमेन. धुळ्याकडच्या एका वाचनालयाची गोष्ट सांगतो. वेबसाइट छान होती, जुन्या ग्रंथांची यादीसुद्धा चढवलेली. डोमेन मात्र ज्या मुलाने ती करून दिली त्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहिल्या आणि मुदत संपली. चिटणीसांना कळलं तेव्हा वाचनालयाच्या नावावर जुगाराची जाहिरात उघडत होती. सुटलेली नावं उचलणारे लोक टपूनच बसलेले असतात, कारण त्या पत्त्यावर आधीपासून माणसं येत असतात. छापलेल्या पावत्यांवर, लेटरहेडवर, पुस्तकांच्या शिक्क्यावर तोच पत्ता होता. सगळं नव्याने छापावं लागलं.

म्हणून पहिलं काम वेबसाइट नव्हे, संस्थेचं स्वतंत्र जीमेल खातं. कुणा एकाचं नाही, संस्थेच्या नावाचं. त्याला रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड हरवला तर खातं परत मिळवायला, एका विश्वस्ताचा नंबर आणि दुसऱ्याचा मेल जोडा. दुहेरी पडताळणी चालू करा आणि ती देते ते बॅकअप कोड छापून संस्थेच्या फाइलीत ठेवा. रिचार्जविना पडलेलं सिम इथे कधीही वापरू नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि मग ओटीपी त्याच्या फोनवर जातो. शिवाय सलग दोन वर्षं लॉगिन झालं नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं, तेव्हा अधूनमधून उघडत चला.

मग या खात्यावरून डोमेन घ्या, डॉट ओआरजी किंवा डॉट इन. खरेदी करताना नोंदणीदार म्हणून संस्थेचं नाव टाका आणि बिलही संस्थेच्या नावाचं घ्या, म्हणजे व्हाउचर लागतं आणि ऑडिटला अडचण येत नाही. विकणारे पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरात दाखवतात. तुम्ही नूतनीकरणाचा भाव आणि वरचा १८ टक्के जीएसटी बघा. जमल्यास तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. कार्डावरून आपोआप कापले जातील या भरवशावर लहान संस्थेने राहू नये, कारण कोषाध्यक्ष बदलला की कार्डही बदलतं. खरेदी करताना होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा), सुरक्षा, वेबसाइट बिल्डर असं बरंच काही टोपलीत टाकून ठेवलेलं असतं. ते सगळं काढून टाका.

नाव ठरवताना ते फोनवरून सांगता येतं का हे तपासा. संस्थेच्या नावात ‘ज्ञान’ असेल तर इंग्रजी स्पेलिंग कुणी ‘डीएन’ने करतं, कुणी ‘जीवाय’ने, आणि माणूस भलत्याच पत्त्यावर पोचतो. लहान, एकाच प्रकारे लिहिता येणारं नाव घ्या. २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं, पण मुख्य पत्ता म्हणून मी ते सुचवणार नाही. दुकानात, बँकेत, फॉर्मवर इंग्रजीच पत्ता मागतात.

डोमेन घेतल्याचा ठराव प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहा: कोणत्या कंपनीकडून घेतलं, कोणत्या मेलवर, मुदत कधी संपते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आपण खुर्च्या आणि लिहायचे फळे नोंदवतो, तशी याचीही एक ओळ. पासवर्ड रजिस्टरमध्ये नको. तो बंद पाकिटात अध्यक्षांकडे.

वेबसाइटसाठी मी तुम्हाला गूगल साइट्स हे गूगलचं वेबसाइट बनवायचं साधन सुचवेन. फुकट आहे, जाहिराती नाहीत, स्वतःचं डोमेन जोडता येतं, आणि ज्याला वर्डमध्ये पत्र लिहिता येतं त्याला हे जमतं. कुणी वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं दुसरं साधन सुचवेल. वर्डप्रेस उत्तम आहे, मी स्वतः वापरतो, पण स्वतःच्या होस्टिंगवर ठेवलं की त्याचे प्लगइन (जोडलेल्या जादा सोयी), थीम (रूपरचना) सतत अपडेट करावे लागतात. ते राहिलं की साइट हॅक होते, आणि पाड्यावर पोरांचे पाढे घेणाऱ्या माणसाने हे कधी बघायचं? वर्डप्रेस डॉट कॉमचा फुकट प्लॅन घेतला तर त्यावर जाहिराती दिसतात आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळावर फुकट, फार वेगवान साइट करून देईल. पण तो पास होऊन गेला की एक फोन नंबर बदलायलाही माणूस शोधावा लागतो. तुमच्यातल्या किमान दोघांना स्वतः बदल करता आले पाहिजेत, माझी निवड याच एका कसोटीवर होते.

गूगल साइट्सला डोमेन जोडताना लोक दोन जागी अडतात. पहिल्यांदा मालकी सिद्ध करायला गूगल एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे खुणेची एक ओळ, देतं, तो डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे डोमेनच्या नोंदी असतात तिथे, चिकटवायचा. मग ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी सीनेम रेकॉर्ड, म्हणजे नाव गूगलच्या पानाकडे वळवणारी नोंद, घालायचा, त्यात काय लिहायचं ते गूगलच दाखवतं. हे पसरायला काही तास लागू शकतात, लगेच दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बदलत बसू नका. तरीही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता नुसतं नाव टाकलं तर पान उघडत नाही. त्यासाठी डोमेन विकणाऱ्याच्या पानावर फॉरवर्डिंग असतं, तिथे नुसतं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे वळवा. ‘https’चं कुलूप, म्हणजे एसएसएल, गूगल आपोआप आणि फुकट लावतं. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

पानं चार पुरेत: आम्ही काय करतो, आम्ही कोण, हिशेब आणि कागदपत्रं, मदत व संपर्क. ‘ताज्या बातम्या’ हे पान करूच नका. तीन वर्षांपूर्वीच्या प्रजासत्ताक दिनावर थांबलेलं बातम्यांचं पान संस्था बंद पडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा वर्षातून दोनदा मुख्य मजकूर बदला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाहेर गेलेली मंडळी गावी येतात, तेव्हा बैठक होतेच. त्याच बैठकीत एकदा सगळे मिळून वेबसाइट वाचून काढा, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत दुरुस्त्या होतील.

मजकुरावर मात्र मनापासून मेहनत घ्या. बहुतेक संस्थांच्या पहिल्या पानावर ‘आदिवासी बांधवांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’ असं काहीतरी असतं. ते वाचून कुणालाच काही कळत नाही. तुमच्या प्रश्नात तुम्ही जे साधेपणाने लिहिलंय तेच किती बोलकं आहे बघा. त्यावरून मी पहिला परिच्छेद असा करेन: ‘यावल तालुक्यातल्या पाड्यांवर आम्ही रोज संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. इथली बरीच मुलं घरी पावरी बोलतात आणि शाळेत मराठीतून शिकतात. आई-वडील मजुरीवरून येईपर्यंत मुलं आमच्याजवळ वाचतात, गणितं सोडवतात. शिकवणारे याच भागातले तरुण आहेत.’ खाली किती पाडे, किती मुलं, वर्षाचा खर्च किती, हे तुमचे खरे आकडे टाका. लहान असले तरी टाका. पाच केंद्रांचा नीट दिलेला हिशेब बघून माणूस विश्वास ठेवतो.

मराठीबद्दल एक अडचण नक्की येणार. तुमचा जुना अहवाल डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल. तो तसाच कॉपी करून चिकटवला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा उमटतो, कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चेहरा मराठी. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे नीट दिसणाऱ्या मराठीत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, तेव्हा एकाने शेजारी मूळ प्रत ठेवून वाचून काढा. चार पानांचाच मजकूर असेल तर फोनवर बोलून टाइप करणं जास्त सोपं. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आणि लहान पडद्यावर स्वच्छ दिसतात. मजकुराचं चित्र करून लावू नका, गूगल ते नीट शोधत नाही आणि अंध वाचकांचा फोन ते वाचून दाखवत नाही.

फोटो हलके ठेवा. फोनचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो, सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्क कसं येतं ते तुम्हाला माहीतच आहे. सोपा उपाय म्हणजे फोटो साध्या पद्धतीने, एचडी न निवडता, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा आणि तिथून उतरवा, तो पुष्कळ लहान होतो. मुलांच्या फोटोला पालकांची संमती आधी घ्या, तीही त्यांना समजेल अशा बोलीत विचारून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. फोटो, पूर्ण नाव आणि पाडा हे तिन्ही एकत्र कधीच देऊ नका. पाठमोरी, वहीत डोकं घातलेली मुलं दाखवली तरी काम दिसतं.

देणग्यांसाठी पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी मधली कंपनी, नको. दर देणगीमागे ते साधारण दोन टक्के घेतात आणि कागदपत्रांची धावपळ वेगळी. संस्थेच्या बँक खात्याचा यूपीआय क्यूआर बँकेकडून घ्या आणि तो पानावर लावा. स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसलं पाहिजे. कुणा विश्वस्ताचा खाजगी क्यूआर तात्पुरता म्हणूनही लावू नका, विश्वास एकदा गेला की भरून येत नाही. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी, मान्यता चालू असेल तरच तसं लिहा, आणि देणगीदाराचा पॅन घ्यायची सोय ठेवा, कारण मार्चअखेर झालेल्या वर्षाच्या देणग्यांचा तपशील ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हेही तिथेच लिहा.

आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर ‘परदेशी देणगी स्वीकारता येत नाही’ ही ओळ ठळक टाका. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे परदेशीच, मग तो रावेरचा असो की चोपड्याचा. आपल्याकडची बरीच मुलं अमेरिकेत आहेत, त्यांच्यापैकी कुणी प्रेमाने पैसे पाठवले आणि संस्था अडचणीत आली असं होऊ नये.

गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स ही योजना भारतातल्या संस्थांनाही आहे. कागदपत्रं तपासून झाली की संस्थेच्या डोमेनवरचे ईमेल फुकट मिळतात. पोस्टर-पत्रकं करायच्या कॅनव्हा या साधनाचीही संस्थांसाठी अशीच फुकट योजना आहे. अर्ज करून ठेवा, पण त्यासाठी वेबसाइट अडवून ठेवू नका. गूगल मॅप्सवर कार्यालयाची नोंदही फुकट होते, तीही करा.

उद्या पाचाची पंचवीस केंद्रं झाली, ऑनलाइन पावत्या, स्वयंसेवकांची नोंदणी असं काही लागलं, तर पैसे देऊन चांगल्या माणसाकडून काम करून घ्या. त्याच्या कष्टाचा योग्य मोबदला द्यायलाच हवा. तेव्हा दर विचारायच्या आधी त्याला एवढंच विचारा, की डोमेन आणि सगळी खाती संस्थेच्या नावावर ठेवून काम करणार का. हो म्हणाला तर ते लेखी घ्या, नाही म्हणाला तर दुसरा माणूस बघा.