काटा हलला नाही म्हणून चालणं सोडलं

"मॅडम, चलान चलान पाय मोडले, पण काटो काय हलणा नाय."

वजनाच्या काट्याबद्दलचं हे वाक्य कधी मालवणीत, कधी शाळेतल्या गुरुजींच्या शुद्ध मराठीत, तर कधी मुंबईहून गावी परतलेल्या चाकरमान्याच्या तोंडून मी सतत ऐकते. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "म्हणून आता सोडलं." त्या दुसऱ्या वाक्याची मला खरी काळजी वाटते, म्हणून एका वैनींची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४६. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांसाठी घरगुती खोल्या, स्वयंपाक त्यांच्याच हातचा. रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. साखरेपायी आईच्या पायाचं बोट कापावं लागलेलं त्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि वैनी दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूत हजर. दोन महिने रोज पाऊण तास चालल्या. वजन ७१ किलोवरून ७०.४ वर आलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी चालणं सोडलं, घरात चिडचिड सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या दोन भेटींत त्या आईबद्दलच बोलल्या. मी ऐकत राहिले. तिसऱ्या वेळी विचारलं, "वजन रोज करता?"

"रोज. उठल्या उठल्या."

"काटा वर गेलेला दिसला, की त्या दिवशी काय करता?"

"काय करणार? मन उडतं. चालायला जात नाही. सकाळचं खातही नाही. मग रात्री पाहुणे जेवले की अकरा वाजता उरलेली सुरमई, चार वडे, टोपातला भात..."

"आणि खाली आलेला दिसला तर?"

त्या जरा थांबल्या. "तर म्हणते, आज थोडं चालेल."

मी काहीच बोलले नाही. त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं होतं. काटा वर गेला तरी जेवण बिघडत होतं, खाली आला तरी बिघडत होतं. वजन दिवसागणिक पाण्यामुळे, मिठामुळे, पोट साफ होण्या न होण्यामुळेही किलोभर इकडेतिकडे होतं, आणि त्या किलोच्या हाती वैनींनी अख्खा दिवस देऊन टाकला होता. इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट मला पक्की पटली आहे. माणूस आळशी म्हणून क्वचितच थांबतो, चुकीच्या ठिकाणी निकाल बघतो म्हणून थांबतो. काटा आठ आठवडे माळ्यावर टाकायचा आणि चालणं पुन्हा सुरू करायचं, एवढंच त्या दिवशी ठरलं.

सहाव्या आठवड्यात त्या आल्या त्या रागानेच. काहीच फरक नाही म्हणाल्या. "काहीच नाही?" मी विचारलं. जिना चढताना? झोप? कपडे?

"परकराची नाडी तेवढी जास्त उरते."

मी दाखवायला सांगितलं. वर्षानुवर्षं एकाच जागी गाठ बसून नाडीला चपटा वळ पडला होता. तो वळ आता गाठीबाहेर चार बोटं लोंबत होता. वैनी तो चिमटीत धरून बघत राहिल्या. रोज सकाळी त्याच हातांनी गाठ मारत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे गेलंय काहीतरी." आम्ही टेप लावली. डॉक्टरांच्या कागदावर पोटाचा घेर ९२ सेंटिमीटर होता, आता ८८ भरला.

काय गेलं, हे मी प्रत्येकाला सांगते. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी गप्प पडून राहत नाही. ती रक्तात अशी रसायनं सोडते की शरीरात मंद दाह धुमसत राहतो. बाहेरून लाली नाही, ताप नाही, पण रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचं म्हणणं पेशी नीट ऐकत नाहीत. पुढे साखर, रक्तदाब, यकृतावर चरबी अशी रांग लागते. व्यायामाने ही आतली चरबी लवकर हलते. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. यातलं काही काट्यावर दिसत नाही.

आपल्या लोकांसाठी तर हे फारच खरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की भारतीय माणूस अंगाने बारीक दिसला तरी त्याच्यात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. म्हणून आपल्याकडे बायकांचा घेर ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा, महिन्यातून एकदा.

२००६ साली प्रसिद्ध झालेला चेन्नईचा अभ्यास मी वैनींना मुद्दाम सांगितला. साखरेच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांमध्ये ज्यांनी आहार आणि चालणं बदललं, त्यांचा मधुमेहाचा धोका तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यांचं वजन फारसं घटलंच नव्हतं. वजन घटलं तर फायदा आणखी मोठा, यात शंका नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात ७ टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं लक्ष्य ठेवलेल्या गटाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. पण वजन घटेपर्यंत चालण्याचा उपयोगच नाही, हे मनातून काढायला हवं.

ताटात आम्ही फार उलथापालथ केली नाही. मासे सोडायला सांगितलं असतं तर वैनी पुन्हा आल्याच नसत्या, आणि तशी गरजही नाही. बांगडा, तारली तळण्याऐवजी तिखल्यात किंवा तव्यावर थोड्या तेलात. आधी मासा, भाजी, कुळथाची पिठी. भात शेवटी आणि एक वाढप कमी. एका वेळी नाचणीची भाकरी. सगळ्यात अवघड होतं ते त्यांनी पाहुण्यांच्या आधी, साडेसातला जेवणं. सासूबाईंना ते रुचलं नाही. वैनींनी आईच्या बोटाची आठवण करून दिली, मग सासूबाईच साडेसातला ताट मांडू लागल्या. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात चालायचं, कारण साखर चढते ती तेव्हाच. आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, दिवसातून दोनदा, स्नायूंसाठी. ज्यांना गोळ्या सुरू आहेत, त्यांनी बरं वाटतंय म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत.

सहा महिन्यांनी आकडा ५.८ आला. वजन ६९. ते त्यांनी शेवटी, मी विचारल्यावर सांगितलं.

मे संपत आला होता. "जूनपासून वाळूत जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. मी पर्याय सुचवणार, तोच त्यांनी पिशवीतून कागद काढला. घराची पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत अठरा पावलं भरते. पाऊण तासात किती फेऱ्या होतात, ते त्यांनी घड्याळ लावून मोजून आणलं होतं.