फॉर लूप शेवटी 'अनडिफाइन्ड' का छापतो?
रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, पांडवलेणी अशी पाच नावांची यादी आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतला फॉर लूप (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) सहावी ओळ 'अनडिफाइन्ड', म्हणजे 'किंमतच नाही', अशी छापतोय, कारण लूप चालू ठेवण्याची तुमची अट 'आय हा लेंग्थपेक्षा लहान किंवा समान' अशी आहे. आय म्हणजे फेरी मोजणारा आकडा, लेंग्थ म्हणजे यादीतल्या नावांची संख्या, इथे 5. 'समान' काढा. मोजणी 0 पासून होते, म्हणून पांडवलेणी 4 वर आहे. 5 वर काहीच नाही.

क्रम पक्का लक्षात ठेवा. आयला सुरुवातीची किंमत एकदाच मिळते. मग अट तपासली जाते, ती खरी असेल तर आतला कोड चालतो, त्यानंतरच आय एकाने वाढतो आणि पुन्हा अट. म्हणजे पाच फेऱ्यांसाठी अट सहा वेळा तपासली जाते! इथे नाशकात मुलांना शिकवताना मी या फेऱ्या आधी कागदावर लिहायला लावतो, तेव्हाच ते डोक्यात बसतं.

आणि कोडमध्ये आय जाहीर करताना 'व्हार' या शब्दाऐवजी 'लेट' वापरा.